सरांच्या रेडिओला वाचा फुटली

"ऊपर वाली आंटी दिवाली के बाद पूना जा रही हैं. अकेली. और अंकल को तो..."

एवढंच माझ्या कानावर आलं. पुढचं कचऱ्याच्या गाडीनं खाल्लं. आमच्या सेक्टरमध्ये ती गाडी सकाळी गाणं वाजवत येते, आणि तिचा भोंगा असा की कोपऱ्यावरची कुत्रीसुद्धा भुंकायचं सोडून ऐकत बसतात. मी कचऱ्याचा डबा घेऊन जिन्यात उभी होते आणि खाली अंगणात ढिल्लोंभाभी भेंडी चिरत फोनवर बोलत होत्या. गाडी पुढे जाईपर्यंत त्यांचा विषय लोणच्यावर गेला.

आता मध्येच जाऊन "अंकल को तो क्या?" असं विचारणार कसं? ऐकत होते हे कळलं असतं. माणसाला थोडी तरी लाज हवी. मग ती जागा माझी मीच भरली. शाळेत मी दहावीच्या पुढे गेले नाही, पण 'रिकाम्या जागा भरा'मध्ये माझे मार्क कधी गेले नाहीत. "अंकल को तो छोड़ के जा रही हैं." दुसरं काय बसतंय तिथे?

आमच्या जिन्यात घरं तीन. तळाला ढिल्लोंजी आणि भाभी. ढिल्लोंजी बँकेतनं रिटायर झालेले. मधे आम्ही. आमचे हे बत्तीस सेक्टरच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये आहेत, म्हणून बार्शी सोडून मी चंडीगडला आले. आणि वर होनराव सर आणि काकू. सर युनिव्हर्सिटीत फिजिक्स शिकवायचे. जिन्यात मराठी घरं दोनच, त्यामुळे वर काही खुट्ट झालं की मला जावंच लागतं. नाही गेलं तर शेजार कसला?

आणि गेलं की किस्सा होतो. जिन्याखाली जुन्या चपला साठतात ना, तसे हे किस्से साठलेत. मुद्दाम कोणी आणून टाकत नाही, पण बघावं तेव्हा ढीग वाढलेलाच.

* * *

सरांनी रेडिओ बनवला तो रिटायर झाल्यावर. काचेच्या व्हॉल्व्हचा, जुन्या काळातला असतो तसा. जवळच्या मनीमाजऱ्याच्या कबाड्याकडनं, म्हणजे भंगारवाल्याकडनं, एकेक भाग आणून लाकडी फळीवर उघडाच मांडला. चालू केला की त्या काचेच्या नळ्या आतून लाल होतात, देवापुढे निरांजन लावल्यासारख्या. बघायला फार छान. ऐकायला मात्र एकालाच. कारण त्याला स्पीकर नव्हता, हेडफोन होता. काळा, जाडजूड, लोखंडी पट्टीचा. तो घातला की सर घरात असून नसत.

काकू त्यांच्या पाठीशी बोलायच्या. सर कशालाही "हो हो" म्हणायचे.

एकदा काकू म्हणाल्या, "अहो, तुमची ती स्कूटर खाली नुसती गंजतेय. कबाड्याला देऊन टाकू?"

"हो हो," सर म्हणाले.

काकूंनी दिली. काही दिवसांनी सर खाली गेले आणि पडलेल्या चेहऱ्यानं वर आले. "अगं, स्कूटर चोरीला गेली."

काकू पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही. "चोरीला कशी जाईल? तुम्हीच हो म्हणालात. दोनदा म्हणालात."

* * *

सरांचा एक दावा होता. थंडीच्या दिवसांत सूर्य मावळला की त्यांच्या रेडिओवर पुणं लागतं. चंडीगडात बसून, हवेतून आलेलं पुणं.

काकू सासवडच्या. त्यांच्या माहेरी स्वयंपाकघरात फडताळावर रेडिओ असायचा आणि तो लागल्याशिवाय चुलीला आच लागायची नाही, असं त्या सांगतात. त्यामुळे सरांना वाटायचं, एकदा तरी हिला पुणं ऐकवावं. "अगं ये, ये, पुणं आलंय," अशी वरून हाक आली की मी खाली समजायचे, काकूंनी आता कणकेचे हात धुतले असतील. त्या हात धुऊन, पुसून, चष्मा सावरून हेडफोन कानाला लावीपर्यंत पुणं गेलेलं असायचं. किती हिवाळे असेच गेले.

"तुम्हाला भास होतात," काकू म्हणायच्या.

एकदा सरांनी साक्षीदार म्हणून मला बोलावलं. मी हेडफोन लावला. बराच वेळ ऐकलं.

"काय ऐकू येतंय?" सरांनी विचारलं.

"भजी तळताहेत," मी म्हटलं.

मी सरांना म्हटलंसुद्धा, की सर, मोबाइलवर पुण्याचा रेडिओ आरामात लागतो, काकूंना लावून द्या की. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी पुरणपोळी पाकिटातली आणा म्हटलं.

"ते इंटरनेटनं घरपोच आणून दिलेलं असतं, मीनाताई. हे स्वतः चालत आलेलं असतं."

* * *

रेडिओला एक लांब तार लागते. सरांनी ती गच्चीवरच्या बांबूपासून मागच्या आंब्याच्या झाडापर्यंत ताणून बांधली होती. एवढी सुरेख तार, दिवसभर रिकामी. आमची बाल्कनी बारकी. मी आपली तिच्यावर डबल बेडची चादर वाळत घातली.

थोड्या वेळानं सर दारात. हेडफोन गळ्यात, केस उभे.

"मीनाताई, ती चादर उतरवता का? लाहोर अडलंय."

"सर, एवढं ऊन आहे तोवर वाळू दे. लाहोरला जरा थांबायला सांगा."

सर गच्चीत गेले आणि ओली चादर उतरवून, तिची दोन टोकं दोन हातांत धरून, तारेपासून लांब, तशीच ती वाळवत उभे राहिले. संध्याकाळी आमच्या ह्यांना हे सांगितलं, तर हे म्हणाले, "सीमेवर उगाच एवढी फौज ठेवतात."

* * *

तार वर असते तशी खाली जमिनीतही एक तांब्याची कांब पुरावी लागते. त्याला अर्थिंग म्हणतात. आणि ती माती ओली असली तर आवाज स्वच्छ येतो. सरांनी कांब पुरली होती ढिल्लोंजींच्या कुंपणाजवळ, आणि रोज सकाळी तिला पाइपनं पाणी घालायचे.

आता चंडीगडात उन्हाळ्यात पाइपनं पाणी उडवलं की चलान फाटतं, हे इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. एका सकाळी आलाच एक माणूस, पावतीपुस्तक घेऊन.

"क्या लगाया है यहाँ, अंकलजी?"

"रॉड," सर म्हणाले.

"नहीं, पौधा कौन सा है?"

"पौधा नहीं है. ताँबे की रॉड है. इसको पानी देना पड़ता है."

त्या माणसानं सरांकडे पाहिलं. मग मातीकडे. मग वर बाल्कनीत उभ्या असलेल्या काकूंकडे. काकूंनी वरूनच हात जोडले.

"लिख दो भैया, जो लिखना है. मैं भी बरसों से देख रही हूँ. अभी तक कुछ उगा नहीं."

तो पावती न फाडता गेला. जाताना गेट मात्र फार हळू लावून गेला.

* * *

मी ते वाक्य जिन्यात ऐकलं त्यानंतरची ही गोष्ट. तेव्हा ऑगस्ट चालू होता. मी रोज काकूंकडे जाऊन अंदाज घेत होते. "काकू, दिवाळीनंतर काय बेत?" विचारलं की "बघू" म्हणायच्या. बघू म्हणजे काय? ज्याचं ठरलंय तोच माणूस बघू म्हणतो.

इकडे ढिल्लोंजींचं वेगळंच दुःख. ते सकाळी छोट्या रेडिओवर कीर्तन लावतात. त्यात शिट्टी यायला लागली. मध्येच बारीक, मध्येच मोठी, कुकरसारखी. रेडिओ दुरुस्तीला नेऊन आणला, तरी शिट्टी. मग एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की वर प्रोफेसर साब बाल्कनीत चहा पीत असले की शिट्टी नसते.

ते तसेच वर गेले. मी दार उघडंच ठेवलं होतं, हवा येते म्हणून. सरांनी शांतपणे समजावलं, की या पद्धतीच्या रेडिओचं एक बटण थोडं जास्त पुढे गेलं की तो ऐकायचं सोडून स्वतःच लहरी सोडायला लागतो, आणि मग आजूबाजूच्या रेडिओत शिट्टी येते.

ढिल्लोंजी म्हणाले, "प्रोफेसर साब, रेडियो सुनने के लिए होता है. आपका तो जवाब भी देता है."

सर माफी मागायला लागले. ढिल्लोंजी मनाचे मोठे. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघता निघता म्हणाले, "ओ जी, घरवाली पूना चली है, ते तुसीं सीटियाँ मार रहे हो?"

"कौन चली है?" सरांनी विचारलं.

मग ढिल्लोंजींना आठवलं, की ते गॅसवर दूध ठेवून आले आहेत.

* * *

संध्याकाळी सर माझ्याकडे. खुर्चीवर बसले, पाणी मागितलं, प्यायले नाहीत.

"मीनाताई, ही कुठे चाललीय?"

"पुण्याला, असं कानावर आलंय. दिवाळीनंतर."

"का?"

आता मी काय सांगणार? "एकट्याच जाताहेत म्हणे," मी म्हटलं, "आणि तुम्हाला तर... म्हणजे पुढचं मला नीटसं ऐकू आलं नाही."

सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

"तुम्ही काकूंनाच विचारा ना."

"कसं विचारू?" सर म्हणाले. "ती म्हणेल, मी तुम्हाला सांगितलं होतं. आणि तिनं सांगितलेलं असणार. मी हो म्हणालेलो असणार."

मला वाईट वाटलं. एवढा शिकलेला माणूस, पण बायकोनं आपल्याला काय सांगितलं हे शेजारणीला विचारायची वेळ आली.

थोड्या वेळानं ते उठले. "त्या हेडफोननं घात केला. आता स्पीकर लावतो. दिवाळीच्या आत. पुणं घरभर ऐकू आलं पाहिजे. मग बघू कशी जाते."

मला वाटलं, दुसरा नवरा असता तर साडी आणली असती.

* * *

स्पीकर जोडणं म्हणजे काय, हेडफोनच्या दोन वायरी काढायच्या आणि स्पीकरच्या लावायच्या, असं मला वाटलं. सरांनाही घाईत तसंच वाटलं असावं. त्यांनी जोडलं, आम्ही दोघं कान देऊन बसलो. आतून मुंगी खोकल्यासारखा आवाज आला.

सर कपाळावर हात मारून म्हणाले, "मीच वर्गात शिकवायचो हे." मग मलाही शिकवलं. व्हॉल्व्हमध्ये दाब भरपूर, पण प्रवाह अगदी थोडा. स्पीकरला दाब नको, प्रवाह पाहिजे. दोघांची थेट गाठ घालून दिली तर दोघंही गप्प. मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो. तो एकाचं दुसऱ्याला मानवेल असं करून देतो.

"म्हणजे स्थळं जुळवणारी मावशी," मी म्हटलं.

सरांनी जरा विचार केला. "हो. पण मावशी दोन्ही घरांना हात न लावता मध्ये बसते. हे जास्त महत्त्वाचं."

मला उगाच तो टोमणा वाटला.

तसा नवा ट्रान्सफॉर्मर कुठे मिळेना. शेवटी माझ्या जुन्या टेपरेकॉर्डरचा बंद पडलेला अडॅप्टर मीच काढून दिला. सरांनी तो फोडला. आतला ट्रान्सफॉर्मर शाबूत निघाला. तो तसाच जोडला. म्हणजे विजेकडून टेपकडे जायचं ते रेडिओकडून स्पीकरकडे. आणि खरंच, स्पीकरमधून एक बाई पंजाबीत गव्हाच्या पेरणीबद्दल बोलायला लागली. आवाज लांबून, विहिरीतून आल्यासारखा, पण घरभर.

काकू आतून बाहेर आल्या. "कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

कोणी आलेलं नाही हे बघून परत आत गेल्या.

* * *

आता नुसता स्पीकर हवेत धरला तर आवाज चिरका येतो. त्याला मोठी फळी लागते, मधोमध गोल भोक पाडून त्यात स्पीकर बसवायचा. सरांना माळ्यावर एक छान, जाड प्लायवुड सापडलं. सर खूश. करवत घेऊन मधोमध पुरीएवढं गोल कापलं.

ते प्लायवुड आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या मागे लावायचं होतं. वर्षभर सरांच्या माळ्यावर ठेवायला दिलेलं. आणि गणपती आला होता तोंडावर.

काकूंनी भोक पाहिलं, सरांकडे पाहिलंच नाही. मला हाक मारली. "मीना, सोनेरी कागद आहे?" आम्ही दोघींनी भोकाच्या कडेला सोनेरी कागद लावला, मागे पिवळा बल्ब सोडला, आणि हॉलवर नेऊन मूर्तीमागे असं उभं केलं की भोक बरोबर डोक्यामागे येईल. दिवा लावला तर काय सुंदर दिसलं. लोक फोटो काढायला लागले.

आरती झाली. ढिल्लोंभाभी दर वर्षी येतात. त्यांनी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "कितना प्यारा है. बप्पा के पीछे चाँद बनाया है ना?"

हॉलमधली सगळी मराठी माणसं जिथल्या तिथे थिजली. गणेश चतुर्थी, आणि चंद्र. एक आजोबा डोळे मिटून भिंतीकडे वळलेसुद्धा.

काकू तबक घेऊन पुढे आल्या. "सूरज है जी, सूरज. सर ने खास बनवाया है."

सगळ्यांनी श्वास सोडला. आजोबांनी एक डोळा उघडला. मंडळाच्या अध्यक्षांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की यापुढे दर वर्षी सूर्य.

म्हणजे फळी गेली. घरी येताना सर घाबरत घाबरत म्हणाले, "मग स्पीकरला मी दुसरं काही कापू का?"

"दारं सोडून काहीही कापा," काकू म्हणाल्या.

* * *

दिवाळीपर्यंत स्पीकर तयार झाला. भाऊबीजेच्या संध्याकाळी सरांनी सगळ्यांना बोलावलं. ढिल्लोंजी, भाभी, आम्ही दोघं. काकूंना मधल्या खुर्चीवर बसवलं. पलंगावर त्यांची बॅग उघडी पडली होती आणि त्यात घडी घातलेली दोन स्वेटरं. सर तिकडे बघत नव्हते, म्हणून आम्ही सगळे बघत होतो.

रेडिओ लावला. नळ्या लाल झाल्या. स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज निघाला आणि थांबेचना.

भाभी कौतुकानं म्हणाल्या, "फ्रिज जैसा है बिलकुल."

सर घामाघूम. म्हणाले, घूं थोडी राहीलच, पण ही जी वरून चरचर येतेय ती दिवाळीच्या माळांची आहे. त्या स्वस्तातल्या लाइटच्या माळा रेडिओत धुमाकूळ घालतात. त्यांनी आपल्या माळा बंद केल्या. मी खाली पळत जाऊन आमच्या केल्या. ढिल्लोंजींनी त्यांच्या केल्या. चरचर तशीच, कारण समोरच्या ओळीतली सगळी घरं लखलखत होती, आणि त्यांच्यामागची, आणि त्यांच्यामागची.

सर उठून चप्पल घालायला लागले. समोर जाऊन सांगतो म्हणाले.

"बसा," काकू म्हणाल्या. "आख्ख्या सेक्टरात दिवाळीत अंधार करून बसलेलं एकच घर आहे. तेवढं पुरे."

मग आम्ही त्या अंधारात, लाल नळ्यांच्या उजेडात, चकल्या खाल्ल्या. पुणं काही आलं नाही. मधूनच कोणीतरी लांबवर बोलल्यासारखं व्हायचं, सर हात वर करायचे, आम्ही चावायचं थांबायचो. आणि परत घूं.

शेवटी काकू उठल्या. "आवाज मोठा आहे हं," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन बॅग भरायला लागल्या.

* * *

काकू गेल्या. एकट्या. स्टेशनवर आम्ही सगळे होतो. काकू खिडकीतून सूचना देत होत्या, लाडू कुठल्या डब्यात, गिझर कधी बंद करायचा, गॅसवाल्याचा नंबर. सर प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, पण विचारायचं ते विचारलं नाही. गाडी हलली. सर थोडं चालले गाडीबरोबर, मग थांबले.

परत येताना ढिल्लोंजींच्या गाडीत मागे मी आणि भाभी. मला राहवेना.

"भाभीजी, ऑगस्ट में आप फोन पे कह रही थीं, अंकल को तो... वो अंकल को तो क्या?"

मी ऐकत होते याचं भाभींना काहीच वाटलं नाही. तीन महिने मी उगाच लाज बाळगली. त्या म्हणाल्या, "अंकल को तो रोटी हम खिलाएँगे. और क्या? आंटी की बहन की आँख का ऑपरेशन है ना."

पुढच्या सीटवर सर एकदम मागे वळले. "ऑपरेशन?"

"आंटी ने आपको बताया तो था," भाभी म्हणाल्या.

सरांचा चेहरा जरा मोकळा झाला. मग परत पडला. "परतीचं तिकीट काढलंय का तिनं?" त्यांनी मला मराठीत विचारलं.

ते मी स्टेशनवर काकूंना विचारलं होतं. नव्हतं काढलेलं. "बघू" म्हणाल्या होत्या. मी सरांना सांगितलं, मला काही माहीत नाही.

* * *

आणि मग थंडी पडली. माळा उतरल्या. धुकं यायला लागलं. रोज संध्याकाळी मी आमटी घेऊन वर जायचे, भाभी रोट्या घेऊन यायच्या. सर रेडिओसमोर बसलेले. हेडफोन खुंटीला.

एक दिवस मी दारातून आत पाऊल टाकलं तर सरांनी हात वर केला. मी वाटी धरून तशीच उभी. घूं चाललंच होतं, आणि त्या घूंच्या आतून एक बाप्या स्वच्छ मराठीत बोलत होता. कांद्यावरच्या करप्याबद्दल. पानांवर पिवळे ठिपके दिसले तर काय फवारायचं ते सांगत होता.

तुम्हाला सांगते, एवढ्या वर्षांत चंडीगडच्या हवेतून मराठी आलेलं मी ऐकलं नव्हतं. आणि आलं ते कांद्याचं.

सरांनी काकूंना फोन लावला. फोनचा स्पीकर चालू केला आणि तो रेडिओच्या स्पीकरपुढे धरला.

"अगं, ऐक. ऐक लवकर."

"काय ऐकू?" काकूंचा आवाज. "थांबा, इथे ताईचा रेडिओ मोठ्यानं चाललाय. कमी करते."

"नको, आधी हे ऐक. जाईल परत."

इकडे बाप्या म्हणाला, फवारणी सकाळच्या वेळी करावी. आणि काय सांगू, फोनमधनंही कोणीतरी म्हणालं, फवारणी सकाळच्या वेळी करावी.

"अहो," काकू म्हणाल्या.

"काय?"

"हा करप्यावाला तुमच्याकडेपण आहे?"

"मग काय सांगतोय मी इतकी वर्षं."

तो बाप्या दोन्हीकडून बोलत राहिला, इथून एकदा आणि जरा मागाहून फोनमधून एकदा. मग काकू म्हणाल्या, "पण तुमचा मागे आहे."

"काय मागे आहे?"

"तुमचा माणूस. इथे आधी बोलतो, मग तुमच्याकडचा बोलतो."

"अगं, उलट. इथे आधी येतं. तुझा मागे आहे."

"पुण्यात बसलेला माणूस चंडीगडला आधी कसा पोचेल? जरा तरी विचार करा."

"मी फिजिक्स शिकवलंय."

"मी रेडिओ ऐकलाय."

"अगं, तू नीट ऐकत नाहीयेस."

"मी?" काकू म्हणाल्या. "मी नीट ऐकत नाही?"

भाभी रोट्यांचा डबा घेऊन आल्या त्या इथे. सर उभे राहून, लालबुंद होऊन, फोनशी भांडताहेत, फोनमधनं काकू दुप्पट भांडताहेत, आणि मागे तो बाप्या कांद्यावरून तुरीवर गेलेला. भाभींना मराठी येत नाही. त्या घाबरून माझ्या कानाशी लागल्या.

"क्या हुआ जी? झगड़ा हो गया?"

"हाँ जी," मी म्हटलं. "हो गया. अब आ जाएँगी."